एक सेकंद पुढे

अ‍ॅलेक्स गार्लंडच्या ‘डेव्स’ या मालिकेत शेवटून दुसऱ्या भागात एक छोटा प्रसंग आहे. सोनेरी भिंतींच्या बंद खोलीत काही प्रोग्रामर एका मोठ्या पडद्यासमोर उभे आहेत. पडद्यावर तीच खोली दिसतेय, तीच माणसं. फक्त पडद्यावरची माणसं एक सेकंद पुढे आहेत. ती आधी हलतात, आधी बोलतात. खोलीतली माणसं मागाहून नेमकं तेच करतात. सगळे हादरतात. आपण आपल्याच प्रतिबिंबाच्या मागे फरपटत चाललोय, हे डोळ्यांसमोर दिसल्यावर कोणीही हादरेल.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, हॉस्टेल रिकामं करून सगळे आपापल्या गावी गेलो होतो, आणि आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर ‘एक, दोन, तीन, प्ले’ असं म्हणून एकाच वेळी मालिका बघायचो. वेळ अर्थात कधी जुळली नाही. एकाचं नेट बरं होतं, तो नेहमी आमच्यापेक्षा जरा पुढे असायचा आणि आम्हाला विनोद कळायच्या आत हसायचा. या प्रसंगालाही तोच आधी ओरडला, “अरे, पण हात वर करा ना कोणीतरी!”

त्या वेळी आम्ही हसलो. पण त्याच्या प्रश्नाला मालिकेत उत्तर नाही, आणि उत्तर का नाही याचा विचार करत मी गेल्या महिन्यात ती मालिका पुन्हा पाहिली. (पुढे मालिकेचा शेवट सांगितला आहे. पुढचं आधी कळल्याने नेमकं काय बिघडतं, हाच लेखाचा विषय असल्यामुळे माफी मागत नाही.)

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोजवळ अमाया नावाची एक बलाढ्य टेक कंपनी आहे. आवारात झाडांच्याही वर डोकं काढणारा एका लहान मुलीचा अवाढव्य पुतळा आहे. ही अमाया, मालकाची मुलगी, अपघातात गेलेली. मालक फॉरेस्ट याने जंगलात एक गुप्त विभाग उभारलाय, तिथे क्वांटम कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चालतो. जगाची आत्ताची स्थिती पुरेशी अचूक कळली की तो मागचं दाखवू शकतो: क्रुसावरचा येशू, मुंग्या आलेल्या टीव्हीसारखा, धूसर, पण दिसतो. मागचं दिसतं तसं पुढचंही दिसायला हवं. पुढचं बघायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम फॉरेस्ट आणि त्याची सहकारी केटी यांनी कधीच मोडलाय. त्यांना एका ठराविक क्षणापर्यंतचं सगळं दिसतं. त्यापुढे नुसत्या मुंग्या.

या कल्पनेचं मूळ सगळ्यांना माहीत असतं. लाप्लासने १८१४ साली लिहिलं की एखाद्या बुद्धीला एका क्षणी विश्वातली सगळी बलं आणि सगळ्या कणांच्या जागा कळल्या, आणि त्यांचं गणित करण्याइतकी ती मोठी असली, तर तिला भूत आणि भविष्य दोन्ही सारखेच स्पष्ट दिसतील. ‘राक्षस’ हा शब्द त्याचा नाही, तो मागाहून चिकटला. गंमत म्हणजे हे वाक्य ज्या पुस्तकात येतं ते नियतीवरचं नाही, संभाव्यतेवरचं आहे. आपण ती बुद्धी नाही आणि कधी होणारही नाही, म्हणून आपल्याला शक्यतांचं गणित शिकावं लागेल, असा त्याचा रोख आहे. पण उद्धृत करताना लोक अर्धंच करतात. फॉरेस्टनेही अर्धंच वाचलं असावं.

तर, हात वर करण्याबद्दल.

नियतीवाद आणि भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जग पूर्णपणे ठरलेलं असू शकतं, आणि तरीही त्याचं भाकीत अशक्य असू शकतं. याची नेहमीची कारणं आपण ऐकलेली असतात. एडवर्ड लॉरेन्झने १९६१ साली हवामानाचा एक प्रोग्राम पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला आणि थोड्याच वेळात हवामान भलतीकडे गेलं. झाक लास्कारने सूर्यमालेचं गणित केलं तर असं निघालं की पृथ्वीच्या जागेत आज पंधरा मीटरची चूक असेल, तर दहा कोटी वर्षांनी ती कक्षेत कुठे असेल हे सांगता येणार नाही. पण ही झाली अचूकतेची अडचण. मालिकेतल्या यंत्राला ती नाही असं क्षणभर मानू. अमर्याद अचूकता आहे, अमर्याद वेग आहे. तरीही तो एक सेकंदाचा प्रसंग घडू शकत नाही.

कारण साधं आहे. त्या खोलीत माणसांऐवजी मी एक खेळणं ठेवतो. एक कॅमेरा, एक मोटर, एक लाकडी हात, आणि तीन ओळींचा प्रोग्राम: पडद्यावर एक सेकंदानंतरचा हात वर दिसला तर खाली ठेव, खाली दिसला तर वर कर, पुन्हा पहिल्या ओळीवर जा. यात इच्छास्वातंत्र्य नाही, आत्मा नाही, क्वांटमही नाही. शाळेतली पोरं विज्ञान प्रदर्शनात करतील असं हे यंत्र पूर्णपणे ठरलेल्या नियमांनी चालतं. आता पडद्याने काय दाखवावं? वर दाखवलं तर चूक, खाली दाखवलं तर चूक. जे दाखवेल ते खोटं ठरेल, आणि ते खोटं ठरणार हे त्या यंत्राला माहीत असूनही त्याला काही करता येणार नाही.

ट्युरिंगने १९३६ साली हाच डाव वेगळ्या कारणासाठी टाकला होता. कॉलेजात आम्ही तो ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ म्हणून पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. डोनाल्ड मॅके या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास तो थेट माणसाच्या निर्णयाला लावला. लाप्लासचा राक्षस या सगळ्यातून वाचतो, पण एका अटीवर: त्याने तोंड उघडायचं नाही. बाहेर बसून, वहीत लिहून, वही कुलूपबंद करून ठेवली तर त्याचं भाकीत बरोबर येऊ शकेल. ज्याच्याबद्दल भाकीत आहे त्यालाच ते सांगितलं की ते भाकीत राहत नाही. ते त्याच्या पुढच्या कृतीचं एक कारण बनतं. इनपुट बनतं.

इथे एक आडवळण घ्यायला हवं, नाहीतर माझ्यावर अर्धवटपणाचा आरोप होईल, आणि तो रास्त असेल. सांगितलेलं प्रत्येक भाकीत मोडतंच असं नाही. हर्बर्ट सायमनने १९५४ साली निवडणुकांबद्दल हे दाखवलं. मतचाचणी जाहीर झाली की काही मतदार जिंकणाऱ्याकडे झुकतात, काही हरणाऱ्याची कणव येऊन तिकडे. म्हणजे आकडा जाहीर केल्याने आकडा बदलतो. पण लोकांची ही प्रतिक्रिया फार झटके न देता बदलत असेल, तर असा एखादा आकडा असतोच जो जाहीर केल्यावरही बरोबर येईल. जाहीर करण्याचा परिणाम त्यात आधीच धरलेला असेल. गणितात याला स्थिरबिंदू म्हणतात. भारतात शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्याने बंदी आहे, ती याच समजुतीवर: सांगितलेला आकडा नुसता आकडा राहत नाही. पण हाताला ही सोय नाही. टक्केवारीत एकावन्न आणि बावन्नच्या मधे जागा असते. वर आणि खाली यांच्या मधे काही नसतं. माझ्या लाकडी हाताला स्थिरबिंदू नाही.

म्हणजे त्या सोनेरी खोलीतल्या पडद्यावर मुंग्या यायला हव्या होत्या. शेवटच्या भागात येतात म्हणून गाजवलेल्या मुंग्या, कोणीतरी पहिल्यांदा स्वतःचं भविष्य बघितलं त्याच क्षणी. मालिका सांगते की एका विशिष्ट मुलीच्या एका विशिष्ट कृतीमुळे भाकीत फुटतं. पण त्यासाठी विशिष्ट मुलगी कशाला हवी, थर्मोस्टॅटही चालला असता.

ही चूक गार्लंडच्या लक्षात आली नसेल असं मला वाटत नाही. मालिकेच्या पहिल्याच भागात सर्गेई नावाचा प्रोग्रामर फॉरेस्टला एका सूक्ष्म जंताच्या हालचालीचं भाकीत करून दाखवतो, आणि ते साधारण अर्ध्या मिनिटात भरकटतं. हा जंत जीवशास्त्रातला नामांकित प्राणी आहे: त्याला मोजून ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली छापून झाला. नकाशा हातात येऊन एवढी वर्षं झाली तरी तो आता डावीकडे वळेल की उजवीकडे, हे आपल्याला खात्रीने सांगता येत नाही. हा तपशील निवडणाऱ्या माणसाला विज्ञान कच्चं म्हणणं बरोबर नाही. दुसऱ्यांदा बघताना मला वाटलं की प्रश्न उलटा विचारायला हवा. हात वर करणं इतकं सोपं असताना या माणसांना तो वर का करायचा नाही?

आणि तिथे मालिका एकदम चांगली होते.

फॉरेस्टची बायको आणि मुलगी गाडीत होत्या, आणि बायको गाडी चालवत असताना तो तिच्याशी फोनवर बोलत होता. बास, एवढंच. मालिका यावर जोर देत नाही, पण सगळं इथून सुरू होतं. जग जर रुळावरून चालणाऱ्या ट्रामसारखं असेल, तर तो फोन होणारच होता. तो फोन त्याने केला नाही, तो झाला. फॉरेस्टला मुलगी परत हवी आहे हे खरं, पण त्याच्याही आधी त्याला निर्दोष सुटायचं आहे. त्याने अब्जावधी डॉलर खर्चून कॉम्प्युटर बांधलेला नाही, स्वतःसाठी न्यायालय बांधलंय, आणि निकाल आधी ठरवून मग बांधलंय.

म्हणूनच लिंडनचा प्रसंग इतका क्रूर वाटतो. लिंडन हा विभागातला सगळ्यात पोरसवदा प्रोग्रामर. तो एव्हरेटचं समांतर विश्वांचं गणित वापरतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा आवाज खणखणीत ऐकू येऊ लागतो. विभागाने ज्यासाठी रक्त आटवलं ते हाती येतं, आणि फॉरेस्ट त्याला तिथल्या तिथे काढून टाकतो. कारण समांतर विश्वं खरी असतील तर पडद्यावर दिसणारी अमाया नेमकी त्याची नाही, एखाद्या केसाचा फरक असलेली दुसरीच कोणी. आणि, हे तो बोलून दाखवत नाही, पण समांतर विश्वं असतील तर कुठल्यातरी विश्वात त्याने तो फोन केला नाही. सिद्धांत चालतो की नाही हा त्याचा प्रश्न नाही. सिद्धांत त्याला माफ करतो की नाही, हा आहे. ऑफिसात प्रेझेंटेशन देताना समोरच्या साहेबाच्या चेहऱ्यावर मी हे भाव पाहिलेत. आकडे बरोबर असतात, पण नको असलेले असतात.

या माफीची दुसरी बाजू सर्गेईला कळते. तो कोड चोरताना पकडला जातो. फॉरेस्ट त्याच्यावर चिडत नाही. उलट अगदी मायेने समजावतो की यात तुझा दोष नाही, तुला दुसरं काही करता आलंच नसतं. निक ऑफरमन हे सगळं थकल्या आवाजात, एखाद्या प्रेमळ मास्तरसारखं बोलतो. आणि ते बोलणं चालू असताना कंपनीचा सुरक्षाप्रमुख केंटन सर्गेईच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालतो. तुझा दोष नाही, म्हणून आमचाही नाही. मालिकेत नियतीवादाची व्याख्या करणारी भाषणं भरपूर आहेत, त्यातली बरीच कंटाळवाणी आहेत (एका संपूर्ण लेक्चरसकट), केंटनचं हेरगिरीचं उपकथानक तर निम्मं कापलं तरी चाललं असतं. पण या एका प्रसंगात जे सांगितलंय ते पुढच्या सात भागांत कोणी इतक्या नेमकेपणाने सांगत नाही.

याच प्रश्नावर टेड चियांगने दोनदा लिहिलंय, आणि त्याच्याशी ताडून पाहिल्यावर ‘डेव्स’ कुठे कच खाते ते दिसतं. २००५ साली ‘नेचर’मध्ये त्याची एक अगदी छोटी गोष्ट आली होती. त्यात रिमोटएवढं एक खेळणं आहे. बटण दाबायच्या एक सेकंद आधी त्याचा दिवा लागतो. फसवायला जावं तर फसत नाही. चियांग इथे प्रामाणिक आहे, कारण त्याचं यंत्र गणित करत नाही, भविष्यातून आलेला इशारा पकडतं. म्हणून माझा तीन ओळींचा प्रोग्राम तिथे लागू पडत नाही. आणि मग तो खरा प्रश्न विचारतो: हे खेळणं हातात आल्यावर माणसं जगतील कशी? काही जण हलायचंच सोडून देतात.

दुसरी गोष्ट ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’, जिच्यावरून ‘अरायव्हल’ हा सिनेमा निघाला. तिथली नायिका परग्रहवासीयांची भाषा शिकता शिकता स्वतःचं पुढचं आयुष्य आठवू लागते, त्यात अजून न जन्मलेल्या मुलीचा मृत्यूही. सिनेमात मुलगी आजाराने जाते. मूळ गोष्टीत ती पंचवीस वर्षांची होऊन कड्यावर चढताना पडून जाते. हा बदल लहान नाही. आजाराला आई काय करणार? पण कड्यावरून पडणं टाळता येतं. “त्या दिवशी जाऊ नकोस” एवढंच म्हणायचं. सिनेमाने प्रेक्षकाला, आणि आईलाही, सोडवलं. चियांगने नाही सोडवलं. त्याची नायिका हात वर करू शकते आणि करत नाही, आणि तो न करण्याचा भार गोष्टीच्या प्रत्येक परिच्छेदावर आहे. फॉरेस्टचा फोन हा कडाच आहे. गार्लंडने विषय चियांगचा घेतला आणि शेवटाला सिनेमासारखा वागला.

तो शेवट असा. केटी आणि फॉरेस्ट यांना माहीत आहे की लिली, सर्गेईची मैत्रीण, फॉरेस्टला काचेच्या लिफ्टसारख्या कॅप्सूलमध्ये गोळी घालणार, काच फुटणार, कॅप्सूल कोसळणार, दोघं मरणार. लिलीला ते पडद्यावर दाखवलं जातं. प्रत्यक्षात ती दार बंद होता होता पिस्तूल बाहेर फेकून देते. माझा मित्र सात भाग ज्यासाठी ओरडत होता ते अखेर कोणीतरी करतं. सोनोया मिझुनोचा चेहरा मालिकाभर जो कोरा ठेवलाय त्याचं चीज त्या एका हालचालीत होतं. ती वीरश्रीने फेकत नाही, नको असलेलं पार्सल परत करावं तशी फेकते. मग स्टुअर्ट, विभागातला म्हातारा प्रोग्रामर, बाहेरून चुंबकीय क्षेत्र बंद करतो आणि कॅप्सूल कोसळतेच. आणि जाब विचारल्यावर तो म्हणतो, हे तर आधीच ठरलेलं होतं. मालिकेतला सगळ्यात बोचरा विनोद हा आहे. ज्या क्षणी भाकीत डोळ्यांदेखत खोटं ठरलंय, त्याच क्षणी तो त्यांचीच सबब त्यांच्या तोंडावर मारतो.

इथे संपायला हवी होती. पण त्यानंतर गार्लंड दोघांनाही कॉम्प्युटरच्या आत, एका बनवलेल्या जगात जिवंत करतो, आणि तिथे फॉरेस्टला ऊन, गवत, बायको आणि अमाया परत मिळतात. इतर अनेक प्रतींच्या वाट्याला नरक आलाय असं एक वाक्य घाईने टाकलंय, पण कॅमेरा स्वर्गात राहतो. सर्गेईच्या डोक्यावरची पिशवी कोणाला आठवत नाही. न्यायालय बांधणारा सुटला.

आता मी हे सगळं इतकं मनाला लावून का घेतोय, ते सांगतो.

गेली तीन वर्षं मी भाकितांचंच काम करतो. कर्जाच्या अर्जांना आकडा देणारी एक यंत्रणा आहे, तिचा काही भाग मी लिहितो. अर्ज येतो, मॉडेल शून्य ते एकच्या मधला एक आकडा देतं, म्हणजे हा माणूस हप्ते बुडवण्याची शक्यता. एका रेषेच्या वर गेला की नकार. यात राक्षस वगैरे कोणी नाही, बरंचसं कंटाळवाणं काम आहे: रिकामे रकाने भरणं, तारखा सरळ करणं, रात्री दोनला पडलेला जॉब पुन्हा चालू करणं. दर तिमाहीला अचूकता मोजतो. ती चांगली असते.

ही अचूकता मोजायची पद्धत अशी, की ज्यांना कर्ज दिलं त्यांनी ते फेडलं का ते बघायचं. ज्यांना नाकारलं त्यांच्या नावापुढे तो रकाना रिकामा असतो. त्यांनी फेडलं असतं का, हे कळायला मार्ग नाही, कारण त्यांना दिलंच नाही. या क्षेत्रात ही जुनी, माहीत असलेली अडचण आहे, तिला ‘रिजेक्ट इन्फरन्स’ असं नाव आहे आणि तिच्यावरचे उपायही आहेत. आमच्या डिझाइनच्या कागदपत्रात तिच्यावर एक परिच्छेद आहे, पुढच्या टप्प्यात बघू असं म्हणणारा. तो परिच्छेद मीच लिहिलाय. लिलीला निदान कॅप्सूलपर्यंत येऊ दिलं होतं, पिस्तूल तिच्या हातात होतं. नाकारलेल्या माणसाला भाकीत खोटं ठरवायला जागाच नसते.

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने, वय तेवीस, कराडला एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान, ऐंशी हजारांसाठी एका ॲपवर अर्ज केला. फुटलेल्या डिस्प्लेची नुसती काच बदलता येते असं एक मशीन त्याला घ्यायचं होतं. ॲप आमचं नव्हतं, पण आमच्यासारखंच. नकार यायला मिनिटभर लागलं. त्याने मला फोन केला.

“दादा, तू हेच करतोस ना? का नाही म्हणाले ते बघ ना जरा.”

मी त्याला समजावलं. मॉडेल असतं, ते लाखो लोकांचा डेटा बघतं, तुझ्याकडे आधीचं कर्ज नाही म्हणून तुझा इतिहासच नाही, वगैरे. शेवटी म्हणालो, “तुझी काही चूक नाही रे. कोणी बसून ठरवलेलं नसतं ते.”

“मग चूक कोणाची?” त्याने विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

मी काहीतरी बोलून विषय बदलला. गेल्या महिन्यात पहिला भाग पुन्हा बघताना फॉरेस्ट सर्गेईला समजावू लागला तेव्हा मी मालिका थांबवली आणि पाणी प्यायला उठलो. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. थकलेला, समजूतदार, काहीच न ठरवलेल्या माणसाचा.

रेषा शून्य पॉइंट किती वर आखायची हे मॉडेल सांगत नाही. ती एका मीटिंगमध्ये ठरते, तिथे पाच-सहा जण असतात, एखाद वेळी मीही असतो. नाकारलेल्यांपैकी काही जणांना मुद्दाम, चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून कर्ज द्यायचं आणि काय होतं ते बघायचं, हा त्या रिकाम्या रकान्यावरचा सगळ्यात सरळ उपाय आहे. त्यात पैसे बुडू शकतात, म्हणून तो पुढच्या टप्प्यात असतो. या तिमाहीच्या मीटिंगसाठी मी तो परिच्छेद तिथून काढून पहिल्या पानावर आणलाय, सोबत किती बुडू शकतील याचा अंदाजही जोडलाय. साहेब काय म्हणतील याचं भाकीत मला करता येतं. मी ते लिहून ठेवलेलं नाही.

मामेभावाने भिशी उचलून मशीन घेतलं. दिवाळीत गेलो तेव्हा दुकानात उभा होतो. त्याने माझ्या फोनची तडकलेली काच काढून ठेवली, जुना गोंद तारेने कापला, नवी काच बसवली आणि मशीनमध्ये सरकवली. किती मिनिटं लागतील विचारलं तर म्हणाला, “बुडबुडे गेले की झालं.” पैसे घ्यायला तयार नव्हता. भिशीचे हप्ते तो दर महिन्याला वेळेवर भरतो, असं मामी म्हणाली. ती वही मामीच्या मैत्रिणीकडे असते.